आमवाताच्या गोळ्या चालू असताना भाकरी, पाणी आणि वेचणी

प्रश्न : वय ४१, गाव धारूर तालुक्यात. अडीच महिन्यांपूर्वी अंबाजोगाईला आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) निघाला. मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड, एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) २०० आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) ५ चालू आहे. ठणका कमी झालाय, पण सकाळी तासभर बोटं वळत नाहीत. भाकरी थापवत नाही, हंडा उचलवत नाही. दसऱ्यानंतर कापूस वेचायचाय, मग ऊसतोडीला कारखान्यावर जायचंय. शेजारच्या गावात एक जण पुड्या देतो, दोन दिवसांत मोकळं होतं म्हणतात. या गोळ्या सोडून ते घ्यावं का? डाळ, वांगं, आंबट बंद करावं का?

उत्तर :

ताई, आधी पुड्यांचं बोलू, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. दोन दिवसांत सांधे मोकळे करणाऱ्या पुडीत अनेकदा स्टेरॉइड आणि वेदनाशामक गोळी कुटून घातलेली असते. स्टेरॉइड तुम्ही आत्ताही घेताय, पण ते ५ मिलिग्रॅम, मोजून आणि कागदावर लिहिलेलं. पुडीत किती आहे हे कुठेच लिहिलेलं नसतं. काही महिने पुड्या खाल्ल्या की चेहरा गोल होतो, साखर आणि बीपी वाढतं, कातडी पातळ होऊन जरा घासलं तरी काळंनिळं पडतं, हाडं ठिसूळ होतात. काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि खुबाच बदलायची वेळ येते. त्यातून पुडी अचानक बंद झाली तर आणखी धोका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्यानं शरीरानं स्वतःचं बनवणं कमी केलेलं असतं. मग उलट्या, चक्कर, बीपी एकदम खाली, आणि माणसाच्या जिवावर बेततं. तुम्ही मधे काही दिवस पुड्या घेतल्या असतील तर लाजू नका, पुडी सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवा. ती कशी उतरवायची ते तेच ठरवतील. हेच तुमच्या प्रेडनिसोलोनलाही लागू आहे : बरं वाटलं म्हणून एका दिवसात सोडायचं नाही, टप्प्याटप्प्यानं कमी करायचं.

दुखणं थांबणं आणि आजार थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमवातात सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं आणि तेच हळूहळू कूर्चा आणि हाड खातं. वेदनाशामक गोळीनं ठणका जातो, पण खाणं आत चालूच राहतं. ते थांबवायचं काम मेथोट्रेक्सेट आणि एचसीक्यूचं, आणि ही औषधं सावकाश लागू पडतात. मेथोट्रेक्सेटला सहा ते बारा आठवडे लागतात, एचसीक्यूला त्याहूनही जास्त. तुमचे दहाच आठवडे झालेत. म्हणजे औषध लागू होत नाही असं म्हणायची वेळ अजून आलेली नाही, आणि ते सोडायची तर नाहीच नाही.

पण नुसतं वाट बघत बसायचंही नाही. एका वहीत रोज लिहा : सकाळी उठल्यापासून बोटं नीट वळेपर्यंत किती मिनिटं गेली, आणि कोणते सांधे सुजलेत. आधी दोन तास जात होते आणि आता एक जातो, तर गाडी रुळावर आहे. तीन महिन्यांत ठळक फरक आणि सहा महिन्यांत सूज जवळजवळ गेलेली, हे लक्ष्य धरायचं. तसं झालं नाही तर डॉक्टर मेथोट्रेक्सेट हळूहळू २० ते २५ मिलिग्रॅमपर्यंत नेतात, किंवा तेच औषध पोटाच्या कातडीखाली सुईनं देतात, किंवा दुसरं औषध जोडतात. वाटा बऱ्याच आहेत. म्हणून "गुण येईना" हे डॉक्टरांच्या खुर्चीसमोर बसून सांगायचं. घरी बसून गोळ्या बंद केल्या तर त्यांना ते कळणारच नाही.

आता मेथोट्रेक्सेटचं, आणि हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. ही गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली गेली तर तोंडभर फोड येतात, रक्तातल्या पेशी कोसळतात, आणि यात माणसं दगावलेली आहेत. चूक होते ती साध्या कारणांनी : दुकानदार "रोज रात्री एक" असं पाकिटावर लिहितो, घरातलं कुणी बीपीच्या गोळ्यांसोबत ही पण डबीत भरतं, किंवा या वेळी २.५ च्या ऐवजी १० ची गोळी मिळते आणि संख्या मात्र जुनीच घेतली जाते. म्हणून दर वेळी एकाच ताकदीची गोळी घ्या. १५ साठी ७.५ च्या दोन चालत असतील तर कायम त्याच. पाकिटावर पेनानं वाराचं नाव मोठं लिहा आणि ते इतर गोळ्यांपासून वेगळं ठेवा.

वार कोणता? तुमच्या गावचा आठवडी बाजार ज्या वारी भरतो तो धरा, तो कुणी विसरत नाही. मात्र त्या दिवशी तुमचा उपास नसावा. रात्री जेवून घ्यायची, म्हणजे मळमळ झाली तरी बरीचशी झोपेत जाते. फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम दुसऱ्या दिवशी, किंवा डॉक्टरांनी जितके दिवस सांगितलं तितके, फक्त मेथोट्रेक्सेटच्या दिवशी नको. फॉलिक ॲसिड नुसतं टॉनिक समजून बरेच जण आधी तेच सोडतात आणि मग तोंड येतं, केस गळतात, मळमळ वाढते. एखादा बाजार चुकला आणि दोन दिवसांच्या आत लक्षात आलं तर घ्या, पुढची ठरल्या वारीच. दोन दिवस उलटून गेले असतील तर तो आठवडा सोडून द्या. दुप्पट कधीच घ्यायची नाही.

ताप, जुलाब, उलट्या चालू असतील त्या आठवड्यात मेथोट्रेक्सेटची गोळी थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाकडून हे औषध बाहेर पडत नाही, ते अंगात साठतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ च्या पुढे जातो. उन्हात राबून, पाणी न पिता, वरून डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी रोज घेतली की मूत्रपिंडावर तिहेरी मार बसतो. वेदनाशामक गोळी फक्त लागेल तेव्हा, पोटभर खाऊन, आणि डॉक्टरांना माहीत असूनच. लघवीच्या जळजळीसाठी किंवा खोकल्यासाठी कुणी सेप्ट्रान किंवा कोट्रायमोक्साझोल लिहायला लागलं तर लगेच सांगा, "मी मेथोट्रेक्सेटवर आहे." ही जोडी रक्तपेशींना फार घातक आहे.

रक्ताच्या तपासण्या चुकवू नका. सुरुवातीचे महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, डोस बसल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी : सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (यकृत), क्रिएटिनिन (मूत्रपिंड). आजार किती शांत झाला ते बघायला अधूनमधून ईएसआर किंवा सीआरपी. आरए फॅक्टर मात्र पुन्हा पुन्हा करू नका. तो निदानाच्या कामाचा आहे, वर-खाली झाला म्हणून उपचार बदलत नाहीत, तेवढे पैसे प्रवासाला ठेवा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात या साध्या तपासण्या होतात का ते आधी विचारून घ्या, दर वेळी अंबाजोगाईला जायची गरज नसते. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेवढा भार हलका. एचसीक्यूसाठी डोळ्यांची तपासणी पहिल्या वर्षात एकदा, आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी. तो डोस वजनावर असतो, किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत, म्हणून प्रत्येक भेटीत वजन करून घ्या.

मूल व्हायची शक्यता असेल तर मेथोट्रेक्सेटवर असताना गर्भ राहू द्यायचा नाही, पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं. हवंच असेल तर काही महिने आधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्यावं लागतं. गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन झालं असेल आणि अंडाशयंही काढली असतील तर तेही सांगा. आपल्या भागात हे ऑपरेशन लवकर झालेल्या बायका पुष्कळ आहेत. अशा बाईची हाडं आधीच झिजत असतात, त्यात स्टेरॉइड आलं की कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

आता सकाळ. आमवातात रात्रभर सांधे स्थिर राहिले की सूज आत साचते, म्हणून पहाटेचे हात सगळ्यात वाईट. उठल्या उठल्या कामाला हात लावू नका. बादलीत सोसवेल इतकं कोमट पाणी घेऊन मनगटापर्यंत हात दहा मिनिटं बुडवा आणि पाण्यातच बोटं हलवा : पूर्ण सरळ, मग फक्त वरची पेरं वाकवून आकडा, मग सैल मूठ, मग अंगठा एकेका बोटाला टेकवायचा. प्रत्येक पाच वेळा. जोर लावून मूठ आवळायची नाही, स्पंजचा किंवा रबरी चेंडू दाबायचा तर अजिबात नाही. सुजलेल्या सांध्याला त्यानं बोटं करंगळीकडे वाकायला मदतच होते. एखादा सांधा लाल आणि गरम असेल तर त्याला शेक देऊ नका, फडक्यात गुंडाळून थंड पाण्याची पट्टी ठेवा.

भाकरी. ज्वारीचं पीठ मळताना मनगट मागे वाकवून तळहाताच्या बुडानं सगळा जोर लावतो, आणि थापताना बोटांच्या मुळांवर शंभरदा आपटी बसते. आमवात नेमका तिथेच असतो. घरात दुसरं कुणी असेल, नवरा असो, मुलगा असो, तर हे तीन-चार महिने मळणं त्यांच्याकडे द्या. ते शिकायला आठ दिवस पुरतात. कुणीच नसेल तर उकड काढून भाकरी लाटा. जितकं पीठ तितकंच पाणी, चिमूटभर मीठ, पाण्याला खळखळून उकळी आली की पीठ टाकून लाकडी डावाच्या दांड्यानं हलवा, झाकून दहा मिनिटं ठेवा. कोमट असतानाच पाण्याचा हात लावून मळलं की फारसा जोर लागत नाही. थंड झालं तर पुन्हा घट्ट होतं आणि सगळा फायदा जातो. मग पोळपाटावर कोरडं पीठ टाकून लाटा. लाटणं मुठीत धरू नका, बोटं मोकळी सोडून दोन्ही तळहातांनी फिरवा. पीठ ताजं दळलेलं घ्या, जुन्या पिठाला चिकटपणा राहत नाही आणि भाकरी कडेनं चिरते. तव्यावरची भाकरी बोटांनी न उलटता उलथन्यानं उलटा, आणि भरलेलं पातेलं एका हाताच्या सांडशीनं न उचलता दोन्ही हातांनी, खाली फडकं धरून.

बाकीच्या कामांतही हेच सूत्र : लहान सांध्याचं काम मोठ्या सांध्याला द्यायचं. पिशवी बोटांत न अडकवता कोपरात किंवा खांद्यावर घ्या. कपडे पिळू नका, नळाला गुंडाळून दाबा किंवा ओले तसेच दोरीवर टाका. ओल्या, गोल तांब्याला पकड फार लागते, त्याऐवजी मोठ्या कानाचा मग. डाव ढवळताना पेनासारखा न धरता अंगठा वर ठेवून मुठीत धरा. खुरपं आणि विळ्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब कापून दोन-तीन पदर गुंडाळा, मूठ जाड झाली की पकड सैल ठेवता येते. पायाच्या चवड्याखाली खडे टोचल्यासारखं होत असेल तर घरातही अनवाणी फिरू नका. पुढून रुंद, मऊ तळाची चप्पल घाला, शहाबादी फरशीवर तर नक्कीच.

पाण्याबद्दल मला स्पष्ट सांगायचंय : डोक्यावरचा हंडा बंद. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी आणि वर भांड्याचं वजन. आमवात जुना होत गेला की मानेचे वरचे दोन मणके सैल पडू शकतात, आणि त्यावर डोक्यावरचं ओझं म्हणजे मज्जारज्जूशी खेळ. सरपण, कडब्याच्या पेंड्या यांनाही तेच. मान वाकवली की हातापायात वीज गेल्यासारखं झालं, किंवा हात बधिर पडून वस्तू सुटायला लागली, तर लगेच दाखवा. कोणत्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आमवात आहे हे सांगायला विसरू नका, ते मानेची काळजी त्याप्रमाणे घेतात.

मग पाणी आणायचं कसं? आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तिथे साठवणं टळत नाही, पण उचलणं टळतं. बॅरल विटांच्या ओट्यावर गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवा आणि तळाशी तोटी बसवून घ्या, म्हणजे वाकून उपसावं लागत नाही. नळाला किंवा टँकरला पाइप जोडून थेट बॅरलमध्ये सोडा. लांबून आणायचंच असेल तर पाच लिटरचे कॅन, हातगाडीवर किंवा सायकलवर.

वेचणीला जाता येईल, पण या वर्षी तुमच्या चालीनं. कापसावरचं दव जाईपर्यंत तसंही वेचत नाहीत, तेवढ्या वेळात तुमचे हात मोकळे होतात, म्हणून नऊच्या आधी निघू नका. बोंडातून कापूस चिमटीनं ओढताना अंगठ्याच्या मुळावर ताण येतो, तेव्हा दोन्ही हात आलटून-पालटून वापरा आणि दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं हात सैल सोडा. कमरेची ओटी तीन-चार किलोची झाली की रिकामी करा. वाळल्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात आणि या गोळ्यांवर असताना जखम चिघळायला वेळ लागत नाही, म्हणून घरी आल्यावर साबणानं हात धुवून जखम बघा. किती काम झेपलं ते असं ओळखा : काम थांबल्यावर दोन तासांनीही दुखणं वाढलेलंच असेल, तर दुसऱ्या दिवशी त्यातून चौथा हिस्सा कमी करा. किलोवर मजुरी असली की हे जड जातं, मला ठाऊक आहे. पण सुजलेल्या हातानं चार दिवस रेटलं तर पुढचे पंधरा दिवस घरी बसावं लागतं. पुढे रब्बीची ज्वारी उपटायला मात्र जाऊ नका, त्यातली ओढ मनगट आणि बोटांना सोसणार नाही.

ऊसतोडीबद्दल माझं मत : या हंगामात कोयता आणि मोळी दोन्ही नकोत. मोळी डोक्यावरून ट्रकवर चढवणं तुमच्यासाठी सगळ्यात धोक्याचं काम आहे. उचल (आगाऊ पैसे) घ्यायच्या आधीच हे घरात बोलून घ्या, नंतर मुकादमासमोर काही चालत नाही. कुटुंबासोबत जावंच लागलं तर पूर्ण हंगामाच्या गोळ्या मोजून न्या. पाच महिने म्हणजे साधारण बावीस बाजार, ७.५ च्या चव्वेचाळीस गोळ्या, आणि थोड्या जास्तीच्या. कोपीत (तोडीवरच्या झोपडीत) त्या उन्हात तापणाऱ्या पत्र्याजवळ न ठेवता खाली सावलीत, कोरड्या डब्यात, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा ठेवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा आणि शेवटच्या रक्त तपासणीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात दोन महिन्यांनी सीबीसी, एसजीपीटी, क्रिएटिनिन करून घ्या आणि निकाल आपल्या डॉक्टरांना फोनवर कळवा.

खाण्याचं थोडक्यात. डाळ, वांगं, आंबट, दही, काहीही बंद करायची गरज नाही. डाळीचा धाक बहुधा युरिक ॲसिडच्या आजारातून आलाय, तो आजार वेगळा. तुमच्या अंगात आधीच सूज आहे, रक्त कमी असण्याची शक्यता आहे. डाळ, शेंगदाणे, अंडी चालत असतील तर अंडी, दूध, पालेभाजी रोज हवी. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी त्रास होत असेल तर तेवढाच सोडा. मिश्री मात्र सोडा. हिरड्यांचा आजार आणि आमवात यांचा संबंध आहे, आणि मिश्रीनं हिरड्या खराब होतात. घरात बिडी ओढणारं कुणी असेल तर धूर तुमच्यापर्यंत येऊ देऊ नका.

लगेच दवाखाना गाठायची वेळ कोणती तेही घरात सगळ्यांना माहीत असू द्या : एकच सांधा अचानक लाल, गरम, हातही लावू न देणारा झाला आणि सोबत ताप आला, तर तो आमवाताचा भडका समजून घरी थांबू नका, सांध्यात पू झालेला असू शकतो आणि उपचार त्याच दिवशी लागतो. कोरडा खोकला आणि चालताना दम नव्यानं सुरू झाला, तोंडात फोड आले, डोळे पिवळे दिसले, कारण नसताना अंगावर निळे डाग पडले, तर पुढची मेथोट्रेक्सेटची गोळी न घेता जा. दोन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप आणि वजन घटणं असेल तर क्षयाची तपासणी मागून घ्या. पुढे आमवाताची मोठी (बायोलॉजिक) इंजेक्शनं किंवा टोफासिटिनिबसारखी गोळी द्यायची वेळ आली तर छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी त्याआधी करतातच. पुढच्या भेटीला जाताना मिनिटांची वही, वजन, शेवटची रक्त तपासणी आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.